राखेखालचा नमुना

मित्रांनो, कोरेगावकडच्या एका लहानशा आरोग्य केंद्रात खिडकीजवळच्या टेबलावर उभा असलेला मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. अंबाल्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. इथे आलो तेव्हा माझी भिंगे लख्ख होती. रक्तातला हिवतापाचा जंतू, शौचातली जंतांची अंडी, सगळे मी स्वच्छ दाखवत असे. शाळेतली मुले रांगेने येऊन माझ्यातून कांद्याचा पापुद्रा पाहत आणि थक्क होत.

पुढे झटपट तपासणीच्या पट्ट्या आल्या. जुने तंत्रज्ञ निवृत्त झाले, त्यांची जागा रिकामी राहिली आणि मी पेटीत गेलो. पावसाळ्यात पेटीत ओल शिरली. माझ्या भिंगावर बुरशीचे बारीक जाळे पसरले. कुणी झाकण उघडून पाहिले नाही. आता अंकिता नावाची तंत्रज्ञ आठवड्यातून एकदा येते. इतर दिवशी ती दुसऱ्या केंद्रांवर असते.

गेल्या हिवाळ्यात रंगुबाई आणि धनाजी हे मेंढपाळ जोडपे आटपाडीकडून मेंढरे घेऊन या भागात आले. मेंढरे शेतात बसवायची, शेताला खत मिळायचे, मग पुढच्या गावी जायचे, असा त्यांचा क्रम. त्यांच्या लहान मुलीला, राणीला, आव लागली होती, रक्त पडत होते. जंताची गोळी झाली, जुलाबाचे औषध झाले, उतार पडेना. शौच तपासल्याशिवाय खरे कारण कळणार नाही, असे केंद्रातले डॉक्टर म्हणाले. तालुक्यातल्या खासगी प्रयोगशाळेने ही तपासणी आम्ही करत नाही म्हणून परत पाठवले. रंगुबाई केंद्रात येत तेव्हा अंकिताचा वार नसे, आणि अंकिताचा वार येई तेव्हा मेंढरे दूरच्या रानात गेलेली असत.

अखेर एकदा गाठ पडली. रंगुबाईंनी पदराआडून बाटली काढली. अंकिताने झाकण उघडले आणि ती थबकली.

"मावशी, ह्यात राख कुणी घातली?"

"मीच घातली," रंगुबाई खाली बघत म्हणाल्या. "पोराची घाण राखंनंच झाकत्यात की. तशीच उघडी कशी आणायची, ताई, तुमच्या म्होरं?"

नमुना कसा आणायचा हे त्यांना कुणीच सांगितले नव्हते. राखेखाली तपासण्याजोगे काही जिवंत उरले नव्हते. राणीलाच घेऊन या, मी थांबते, असे अंकिता म्हणाली. मेंढरे आजच हलवायची आहेत, असे धनाजी फोनवर कुरकुरू लागला.

"मेंढरं हाकायला तुमी हायसा," रंगुबाई म्हणाल्या. "पोरीला माझ्याबिगर कोण हाय?"

दुपार कलताना त्या राणीला खांद्यावर टाकून आल्या. या वेळी नमुना ताजा, उबदार होता. अंकिताने मला पेटीतून काढून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवले, काचपट्टी माझ्याखाली सरकवली, आरसा उन्हाकडे वळवला. काहीतरी हलत होते. आवेचा जंतू, अमिबा, असाच हलतो, पण त्याने रक्तपेशी गिळल्या आहेत का, ते दिसल्याशिवाय खात्री होत नाही. नेमके तिथेच बुरशीचे जाळे आडवे येत होते. तिने भिंग पुसले, पण जाळे निघेना; मग दुसरी काचपट्टी केली. तोवर ऊब गेली आणि हालचाल थांबली.

"दिसलं का, ताई?"

"काहीतरी हलत होतं, मावशी. ते काय होतं, हे मला सांगता येईना."

डॉक्टरांनी अंदाजाने औषध सुरू केले आणि राणीला साताऱ्याला पाठवले. तिथे अमिबा सापडला, पण तोवर तिचे आतडे फुटले होते. राणी वाचली नाही. रंगुबाई तशाच मेंढरांमागे पुढच्या गावी गेल्या.

मित्रांनो, मला फार काही लागत नाही. कोरडी जागा हवी आणि अधूनमधून झाकण उघडून पाहणारे कुणीतरी हवे. तुमच्या शाळेत, दवाखान्यात माझ्यासारखे कुणी पेटीत पडून असेल, तर ते आजच बाहेर काढा. गरज पडल्यावर काढाल, तेव्हा समोर एखादे आजारी मूल असेल, आणि त्याला थांबता येणार नाही.