येस म्हणजे येतो

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनी मोटारसायकल आहे हे मलाही ठाऊक आहे. टाकीवर पोचे आहेत, सीटला जागोजागी टाके आहेत, आणि सुरू झाले की मागून निळा धूर सोडते. माझ्या काळच्या गाड्या अशाच असायच्या, पेट्रोलबरोबर तेल पिणाऱ्या. पण मला म्हातारी म्हणायचं काम नाही. आधी किक मारा आणि मग बोला!

माझे पहिले मालक कोण होते ते मी विसरले. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते सुपडूभाऊंच्या दारात. सुपडूभाऊ पारोळ्याकडचे, पोटापाण्यासाठी सुरतेला आले आणि जवळच्या सचिन गावात कापडाच्या लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात लागले. सुरतेतल्या लिंबायतच्या घरून सचिनपर्यंत आम्ही दोघं रोज जायचो. लूमच्या आवाजानं त्यांचे कान इतके बधीर झालेले असायचे की परत येताना ते माझ्याशी मोठमोठ्यानं बोलायचे, आणि सिग्नलला शेजारचे रिक्षावाले वळून बघायचे. सुट्टीच्या दिवशी त्यांची लेक रंजना माझ्या टाकीवर पुढे बसायची. दोन्ही हातांनी हँडल धरायची आणि तोंडानं ‘ढुर्रर्र’ करायची. काय लाड होते माझे तेव्हा! दसऱ्याला हार, कुंकू, चाकाखाली लिंबू.

मग सुपडूभाऊंना न्यायला खात्याची बस येऊ लागली आणि माझं काम संपलं. पत्र्याच्या शेडमध्ये मला भिंतीला टेकवून ठेवलं. अंगावर कांद्याची पोती आली. एका मांजरीनं माझ्या सीटवर पिल्लं घातली. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण पिल्लं गोड होती.

रंजना मोठी झाली, साड्यांच्या पॅकिंगला जाऊ लागली. एक दिवस ती मैत्रिणींबरोबर कामरेजच्या पुढे, उसाच्या शेतांमागच्या मैदानावर मातीतली मोटारसायकल शर्यत बघून आली आणि आल्या आल्या तिनं माझ्यावरची पोती खाली ओढली. “आप्पा, हिला मी पळवणार,” ती वडिलांना म्हणाली. सुपडूभाऊ आधी हसले, मग पाना शोधायला लागले. बापलेकीनं माझे दिवे काढले, आरसे काढले, मडगार्ड काढलं. मी पार उघडीबोडकी झाले! लाज वाटली हो. पण खडबडीत नवे टायर चढले, चेनला तेल मिळालं, आणि मैदानात पहिल्यांदा मागचं चाक मातीत घसरवत वळण घेतलं, तेव्हा माझी लाज कुठल्या कुठे पळाली.

आमच्या शर्यती म्हणजे चार गावांची साखळी. नाशिक, पुणे, बडोदे आणि शेवटची सुरत. प्रत्येक ठिकाणी गुण मिळतात, आणि ज्याचे गुण जास्त तो विजेता. मुलींच्या वर्गात आमच्याशी टक्कर देणारी एकच होती, मृणाल. सुरतेतच अडाजणला राहायची, वडील बँकेत. तिच्याकडे क्लबनं दिलेली निळी गाडी होती. चकचकीत, नखरेल! मला ती गाडी अजिबात आवडायची नाही. आणि मृणाल तर त्याहून नाही. वळणावर मी आत शिरले की ती बाहेरून येणार, मी बाहेर गेले की ही आतून हजर. नाशिकला आम्ही जिंकलो. पुण्याला वळणावर आमच्या दोघींची हँडलं एकमेकांना घासली, आम्ही धूळ खात बाजूला गेलो, आमचे गुण बुडाले आणि मृणाल पहिली आली.

त्यानंतरच्या रविवारी मृणाल थेट लिंबायतला आमच्या दारात! मी ओट्यापाशी उभी होते, सगळं ऐकलं.

“पुण्यात तू मुद्दाम हँडल घातलंस, आणि आता सगळ्यांना सांगत फिरतेस की मी घातलं!” ती कडाडली.

“मी? आत तू घुसलीस!” रंजना काय कमी आहे? “थांब, माझी माय होती ना तिथं. तिलाच विचार.” आणि तिनं घरात तोंड करून हाक मारली, “माय, आठे ये ना!”

आतून शोभाबाईंचा आवाज आला, “येस, येस! भाकर तव्यावर शे, येस!”

मृणालचा राग जागच्या जागी अडकला. ती रंजनाला हळूच म्हणाली, “मावशी इंग्रजी बोलतात?”

रंजनाला जे हसू फुटलं, ती ओट्यावर बसलीच! “अगं बाई, येस म्हणजे येतो! आमच्या अहिराणीत ‘मी येस’ म्हणजे ‘मी येते’. थांबा, आलेच, असं म्हणतेय ती.”

मृणालही हसायला लागली. दोघी अशा खिदळत होत्या की शेजारच्या बायका दारात आल्या. शोभाबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या, भांडण काय ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “भांडाले बी पोट भरेल पाहिजे. बठा, जेवा पहिले.” मृणालनं शेवभाजी खाल्ली. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी दुसऱ्यांदा मागून घेतली. हँडल कुणी घातलं होतं ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

तुम्हांला वाटेल, झाली मैत्री, संपली टक्कर. छे! बडोद्याला दोघी आणखी जोरात पळाल्या. सगळा वेळ चाकाला चाक लावून. तिथंही शेवटी मृणाल पुढे गेली असती, पण माझ्यात अजून थोडा दम होता. तो मी काढला! आम्ही पहिले, ती दुसरी, पुण्याचे बुडालेले गुण भरून निघाले आणि दोघींचे गुण समान झाले. आता जे काय व्हायचं ते सुरतेला.

आणि तेव्हाच ती बातमी आली. कोइम्बतूरचा एक मोठा संघ अंतिम शर्यतीला येणार होता. साखळीच्या विजेतीला ते पगारी रायडर म्हणून घेणार होते. वर्षभर फक्त शर्यती, त्यांच्याच खर्चानं, त्यांच्याच गाडीवर. जागा एकच. रंजना रात्रंदिवस तेच बोलायची. साड्यांच्या घड्या घालून तिची बोटं सोलपटून निघायची, आणि त्याच बोटांनी ती माझा क्लच धरून म्हणायची, “एवढी एक जिंकून दे गं.”

मी देणार होतेच. पण मित्रांनो, ‘त्यांच्याच गाडीवर’ हे शब्द मीही ऐकले होते. रंजना जिंकली की तिला नवी गाडी मिळणार आणि मी पुन्हा शेडमध्ये जाणार. मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. तरी मी ठरवलं, पळायचं ते जीव तोडूनच. टाकीवर बसून ‘ढुर्रर्र’ करणाऱ्या पोरीशी मी दगा कसा करणार?

अंतिम शर्यतीच्या दिवशी कामरेजच्या मैदानावर ही गर्दी! खांद्यावर पोरं, हातात उसाचा रस, लाउडस्पीकरवर गुजराती, हिंदी, मराठी सगळं एकदम. आम्ही पहिल्या ओळीत, शेजारी निळी. आणि ऐन वेळी मला काय झालं कोण जाणे, मी फट् फट् केलं आणि बंद पडले.

“प्लग ओला व्हई गया व!” सुपडूभाऊ ओरडत आले. रंजनानं मला ओढत कडेला नेलं. शर्यत सुरू व्हायच्या आत प्लग बदलून ओळीत परत उभं राहायचं होतं. नाहीतर आमच्याशिवाय शर्यत सुटली असती. सुपडूभाऊंच्या हातून पाना दोनदा निसटला, म्हणून तिनं तो स्वतःच घेतला.

झेंडा होता जयंतीभाईंच्या हातात. माणूस सज्जन, पण घाईचा. त्यांनी लांबूनच हाक मारली, “रंजनाबेन, रेडी?”

रंजनाची मान माझ्या इंजिनात. घाबरलेल्या माणसाच्या तोंडी आईचीच भाषा येते. ती ओरडली, “येस! येस!”

जयंतीभाईंनी मान हलवली आणि झेंडा वर उचलला.

मला सगळं दिसत होतं, पण माझ्या पोटात प्लग नव्हता, ओरडू कशी? झेंडा खाली आला की निळी सुटणार, मृणालच्या पुढे कोणी नसणार, कोइम्बतूरची जागा तिच्या खिशात. तिनं फक्त समोर बघायचं होतं.

तिनं आमच्याकडे बघितलं. आणि हात वर केला.

आमच्या खेळात सुरुवातीच्या रेषेवर हात वर करणं म्हणजे ‘थांबा, माझी गाडी तयार नाही’. शर्यत थांबते. पण ज्यानं हात वर केला त्याला सगळ्यांच्या मागे, शेवटच्या ओळीत जाऊन उभं राहावं लागतं. दुसऱ्यासाठी हात वर करायची सोयच नाही.

“शुं थयुं, मृणालबेन?” जयंतीभाई वैतागले.

“मारी गाडी तैयार नथी,” मृणाल म्हणाली.

तयार नाही? ती निळी इतकी छान गुरगुरत होती की मला हेवा वाटत होता! जयंतीभाईंनाही ते ऐकू येत असणार. पण नियम तो नियम. त्यांनी मागे बोट दाखवलं. मृणाल निळीला ढकलत शेवटच्या ओळीत गेली. तोवर प्लग बसला, मी भर्रकन पेटले आणि आम्ही आमच्या जागी आलो. रंजनाला तेव्हा काहीच कळलं नव्हतं. शेजारी निळी का नाही, एवढंच ती इकडेतिकडे बघत होती.

झेंडा पडला! आई शप्पथ, तसं मी कधी पळाले नव्हते. पहिल्या वळणाला आम्ही पुढे. दुसऱ्या फेरीला आम्ही पुढे. पण मागून एकेक आवाज कमी होत होता आणि एक ओळखीचा आवाज जवळ येत होता. निळी! शेवटून निघालेली ती पोरगी एकेकीला मागे टाकत येत होती. कधी आतून, कधी बाहेरून, कधी दोघींच्या मधून. लोक उभे राहून किंचाळत होते. शेवटच्या फेरीला ती आमच्या बाजूला आली. रंजनानं तिला बघितलं आणि हेल्मेटच्या आत मोठ्यानं हसली. मग माझा कान, म्हणजे ॲक्सिलरेटर, होता तेवढा पिळला. मी म्हटलं, फुटले तर फुटले! वळण, माती, पुन्हा वळण, आणि रेषा. अर्ध्या चाकानं आम्ही पहिले!

मी तापून टकटक वाजत होते. जयंतीभाईंनी स्वतः येऊन रंजनाला काय झालं ते सांगितलं. रंजना पळत मृणालकडे गेली.

“हात का वर केलास? वेडी आहेस का? जागा गेली ना तुझी!”

मृणालच्या तोंडावर नुसती माती होती. दात तेवढे पांढरे. “तुझ्या रिकाम्या जागेला हरवून मी काय करू?” ती म्हणाली. “आणि मागून सगळ्यांना गाठत आले ना, काय मजा आली माहितीये! अजून एक फेरी असती तर तुलाही सोडलं नसतं.”

रंजना रडायला लागली, मग दोघीही रडल्या, आणि लगेच गरमागरम सुरती लोचो खायला गेल्या.

रंजना कोइम्बतूरला निघाली त्या दिवशी मी शेडकडे बघत होते. क्लबनं आपली निळी परत घेतली होती, त्यामुळे मृणाल पायीच निरोप द्यायला आली होती. रंजनानं माझी चावी तिच्या हातात ठेवली. “ही तुझी. हिला बसू देऊ नकोस, ही रुसते.”

मी? मृणालची? जिच्या मागच्या चाकाची धूळ खात मी म्हातारी झाले तिची? मी आठवडाभर तिच्या किकला दादच दिली नाही. ती घामाघूम व्हायची, पण शिव्या द्यायची नाही. रोज पुसायची आणि म्हणायची, “बरं, उद्या.” शेवटी मलाच माझी लाज वाटली.

यंदाच्या साखळीत मुलींचा खुला वर्ग होता, म्हणजे पगारी असो की हौशी, कोणीही उतरावं. कोइम्बतूरच्या संघानं त्यांच्या नव्याकोऱ्या गाडीवर रंजनाला उतरवलं, आणि शेजारी मी, माझ्यावर मृणाल. सुरुवातीच्या आधी रंजना मुद्दाम माझ्याकडे आली. टाकीवरून हात फिरवला, वाकून म्हणाली, “ए म्हातारे, मला आज सोडू नकोस हं.”

निकाल सांगते, पण आधी माझं एक मागणं ऐका. घरात जुनी गाडी असेल तर तिला अडगळ समजू नका. चेनला तेल द्या, मधूनमधून किक मारा, तिच्यात अजून काय काय शिल्लक आहे ते तिलाही ठाऊक नसतं. आणि तुमच्यासमोर कोणी टक्कर द्यायला उभं असेल, तर त्यालाही तसंच जपा. तो पडला तर थांबा. पण तो पळत असेल तर लुटुपुटूचं पळू नका, त्याचा अपमान होतो.

मी लुटुपुटूचं पळाले नाही. रंजना दुसरी आली. हेल्मेट काढून ती माझ्याकडे धावत सुटली, माझ्या तापलेल्या टाकीवर थापा मारल्या, हात भाजला तरी मारल्या, आणि सगळ्या मैदानाला ओरडून सांगत राहिली, “बघा, बघा, माझ्या गाडीनं मला हरवलं!”