गळतीला उजवी पाकळी

"यंत्र कधी गळत नाही, गळतो तो माणसाचा धीर!" निवृत्त हेडक्लार्क गोकुळदास सर्वण गावातल्या आपल्या अंगणात, एकाहत्तर सालच्या मोटारीखाली उताणे पडून म्हणाले. शेवटच्या शब्दाला तोंड जरा जास्त उघडं राहिलं आणि इंजिनातल्या तेलाचा एक थेंब थेट जिभेवर पडला.

"चव कशी आहे?" तुळशीपाशी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नीने, विमलाबाईंनी विचारलं. हातात काठी होती. मागच्या एकादशीला पाण्याची कळशी घेऊन येताना त्या याच तेलावरून घसरल्या होत्या, आणि तेव्हापासून त्यांची कंबर आणि त्यांचं मत दोन्ही ताठ झाली होती. "सोमवारी म्हापशाहून भंगारवाला येणार आहे. रविवारी गाडीखाली एक थेंब दिसला नाही, तर गाडी राहील. दिसला, तर जाईल. मी काही वाईट बाई नाही."

गोकुळदासांचा जीव त्या गाडीत का अडकला होता, तेही सांगायला हवं. कचेरीतून निवृत्त झाले त्या दिवशी 'हेडक्लार्क' हे नाव खुर्चीवरच राहिलं. गावात उरलं ते एकच: 'मोटारवाले'. गाडी गेली की ते नुसते गोकुळदास होणार, आणि त्या नावाचे सर्वणात आणखी दोघे होते. त्यातला एक शेळ्या राखायचा.

म्हणून डिचोलीहून सगुण मेस्त्रीला आणलं. सगुण मूळचा दोडामार्गाकडचा, घाई न करणारा माणूस. त्याने इंजिन रॉकेलने धुतलं, पुसलं आणि विमलाबाईंची पावडर मागून घेऊन वरपासून खालपर्यंत भुरभुरली.

"चालू करा, बाब. जंय पावडर पयली भिजात, थंय गळती."

दहा मिनिटं इंजिन चाललं. दोघे वाकून बघत राहिले. पावडर पहिली भिजली ती सगळीकडे.

"बाब," सगुण हात पुसत म्हणाला, "ह्यां गळणां न्हय, ह्यां घामणां. वयल्या झाकणाचा पॅकिंग गेला, फुडचा सील गेला, मागचाय गेला. मागच्यासाठी गिअरबॉक्स उतरवूक होयो. आणि तो सील आता खंयच मिळत नाय."

झाकणाचं पॅकिंग त्याने बदललं. मिनिटाला सहा थेंब पडायचे, ते पाचावर आले. जाताना एवढंच बजावलं, "रोज सकाळी तेलाची पट्टी ओढून बघा. उणा दिसला तर घाला. घालीत ऱ्हवलात तर गाडी तुमका पुरून उरात."

पण घालत राहायचं म्हणजे ते गळत राहणार. शुक्रवारी गोकुळदास देवळात गेले. लग्न, विहीर, कोर्टातली केस, सगळं देवाला विचारून होतं. मग गाडीनेच काय पाप केलं होतं? गुरवाने कौलासाठी मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलांच्या पाकळ्या लावून गाऱ्हाणं घातलं, "रविवारपर्यंत ह्या गाडयेची गळती थांबतली आसात, तर उजवी पाकळी दी, म्हाराजा!"

उजवी पडली. तीही चटकन, जणू देव वाटच बघत होता.

त्या क्षणापासून गोकुळदासांनी पट्टीला हात लावला नाही. देवाने होकार दिल्यावर वरून तेल ओतणं म्हणजे देवाकडे लेखी खुलासा मागण्यासारखं. आणि तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी वरिष्ठांकडे कधी खुलासा मागितला नव्हता. उलट गळती कमी होतेय का ते बघायला शनिवारी ते दोनदा वाळपईला जाऊन आले. दर फेरीला थेंब कमी.

रविवारी सकाळी, थेंब दिसावेत म्हणून रात्री गाडीखाली पसरलेला पुठ्ठा कोरडा ठणठणीत. विमलाबाईंनी त्यावर बोट फिरवलं, चष्मा पुसला, पुन्हा फिरवलं.

"राहू दे तर मग," त्या म्हणाल्या. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपणहून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. "आता फोंड्याला देवीला तरी नेऊन आणा."

तेलाचा लाल दिवा वाटेत पेटलेला होता. पण तो अठ्ठ्याऐंशी सालापासून पेटलेलाच होता. डिचोलीच्या अलीकडच्या चढावर इंजिन एकदा कण्हलं, लोखंडावर लोखंड घासलं, आणि सगळं गप्प झालं.

सगुण आला. पट्टी ओढली. पुसायची गरज पडली नाही.

"देव खोटा नाय बोललो, बाब. गळती थांबली. गळूक तेल खंय होता?"

"मग आता तेल घालू या?" गोकुळदासांनी विचारलं.

सगुणने पट्टी जागेवर खोचली आणि बॉनेट हळू लावलं. झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तसं.

गाडी ओढत अंगणात आणली, आणि सोमवारी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. गाडीला दोर बांधला. शेजारपाजारचे फाटकापाशी जमले. विमलाबाई काठी टेकत आल्या, बॉनेटला हळदकुंकू लावलं, आणि त्यांचे डोळे भरले. गोकुळदासांना वाटलं, गाडी घेतल्यापासून सव्वीस वर्षांनी ही आता गाडीबद्दल एक चांगला शब्द बोलणार.

"अहो," विमलाबाई म्हणाल्या, "जाण्याआधी तिच्यातलं दोन थेंब तेल फाटकाच्या बिजागरीला घाला की. टेम्पो आत येताना केवढं कुरकुरलं."