विषयाला सोडून

इतिहास मंडळाचे चिटणीस जुन्या माणसांच्या मुलाखतींतला फापटपसारा इतक्या मायेनं छाटत, की सभासद त्यांना पाठीमागे कात्रीकाका म्हणत. काकांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

आज कपड्यांच्या कारखान्यातल्या शिवणवालीची मुलगी आली. आई गेल्याच महिन्यात वारली होती.

"काका, मुलाखत चालू असताना आईनं मला लाडाच्या नावानं हाक मारली होती. तेवढी ऐकवा ना."

काकांनी रेकॉर्डिंग लावलं. आई भोंग्याबद्दल बोलली, संपाबद्दल बोलली, अगदी खणखणीत. हाक कुठंच नव्हती.

"विषयाला सोडून होतं गं पोरी, म्हणून काढलं," काका पुटपुटले. "मूळ फाईलही पुसली. जागा पुरत नाही ना."

मुलगी रागावली असती तर काकांना बरं वाटलं असतं. तिनं फक्त पुन्हा लावायला सांगितलं, आणि संपाचं बोलणं संपताच हात वर केला.

"थांबा. हाक मारायच्या आधी ती असाच श्वास घ्यायची. तो राहिलाय बघा."

काकांची कात्री आयुष्यात पहिल्यांदाच जरा उशिरा पडली होती.

"तेवढाच परत लावा," ती म्हणाली.