फिदेल्मोचा खडक

समुद्राने ज्याला नेलं त्याचं नाव खडकाला द्यायचं आणि परक्यापुढे ते काढायचं नाही, ही आमच्या किनाऱ्याची रीत. खडक घरागणिक वाटलेले. ज्या घराचा खडक, त्यावरचं शेवाळ त्याच घराने कापून विकायचं. माझं पोट ज्याच्यावर चालतं, तो फिदेल्मो.

म्हणून हिमेना नावाची ती मुलगी टेपरेकॉर्डर घेऊन सांतियागोहून आली आणि “तुमच्या गावाचा इतिहास लिहायचाय” म्हणाली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. शेजारच्या किनाऱ्यावर असाच एक गोडबोल्या येऊन गेला होता. वर्षभरात तिथे कुंपण पडलं. आमचा कसला डोंबलाचा इतिहास?

मी तिला चहासुद्धा विचारला नाही. दाराबाहेरच्या बाकावर बसवलं.

“दोन्या क्लोरिंदा,” तिने मला बाईसाहेब म्हणावं तशी हाक मारली, “किती पिढ्या शेवाळ कापताय इथे?”

“पिढ्या कसल्या! परवापरवा आलो डोंगरातून.”

“आणि तो समोरचा खडक? त्याला काय म्हणतात?”

“दगडाला काय म्हणणार, बाई? दगड!”

ती हसली. मला ते हसू मुळीच आवडलं नाही.

दोन वर्षांनी एका कंपनीने धक्का बांधायला आमचा किनारा मागितला. सुनावणीला सगळं गाव गेलं. वहिवाट जुनी असेल तर खडक तुमचेच, सुनावणी घेणारे सरकारी साहेब म्हणाले, पण पुरावा दाखवा. आमच्याकडे कागद कुठला! तेवढ्यात मागच्या रांगेतून हिमेना उठली. हातात तेच यंत्र.

“बघ एदुविना,” मी नणंदेच्या कानात म्हटलं, “मी म्हटलं नव्हतं? त्यांचीच माणूस आहे ही.”

यंत्र सुरू झालं. भर सभेत माझाच आवाज. परवापरवा आलो. दगडाला काय म्हणणार. कंपनीचा वकील गालात हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याच तोंडाने मी गाव घालवलं होतं.

मग यंत्रात लांबून एदुविनाची हाक आली, “वहिनी, पुरे गप्पा! ओहोटी लागली, फिदेल्मोवर जायचंय ना? आणि पणजोबांचा विळा कुठे ठेवलास गं?”

हिमेनाने यंत्र बंद केलं. “साहेब, माझ्याशी त्या खोटं बोलल्या. त्यांचं आपापसातलं बोलणं हे असं आहे.”

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. “फिदेल्मो कोण?”

गावातला एकेक जण माझ्याकडे बघत होता. परक्यापुढे नाव काढलं की समुद्र ऐकतो, असं सासूबाई सांगायच्या. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू?

“माझा नवरा,” मी म्हणाले. “तो जायच्या आधी त्या खडकाला एलेउतेरिओ म्हणायचे. माझे सासरे.”

साहेब लिहायला लागले. “आणि त्यांच्या आधी?”

मी खुर्ची ओढून बसले आणि सांगत गेले. सातव्या नावाला साहेबांनी पेन खाली ठेवलं.