चारशे पन्नास पानं

चामराजपेटेतल्या समाजाच्या देवळात वर्धापनदिनाचं जेवण सलग तीन वर्षं कमी पडलं आणि तिन्ही वेळा दोष आचाऱ्यावर आला. आचारी देवाप्पा. बावीस वर्षं त्या चुलाण्यावर दुसऱ्या कुणी हंडा चढवला नव्हता. जानेवारीच्या बैठकीत कार्यवाह रघुजींनी सांगून टाकलं, "देवाप्पा, यंदा कमी पडलं तर पुढल्या वर्षी बाहेरचा केटरर. मनाला लावून घेऊ नका."

उत्तर दिलं ते देवाप्पांच्या मुलीने, सौम्याने. "रघुजी अण्णा, पानांची वही द्या. माणसं किती येतील ते मी काढते."

सौम्या बसवनगुडीच्या कॉलेजात डेटा, संख्याशास्त्र आणि निर्णयप्रक्रिया हे विषय घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती.

"ने की. त्यात तुझ्या अप्पाचा गुन्हाच लिहिलाय," रघुजी म्हणाले. "साडेचारशेंचा स्वयंपाक, साडेचारशे पानं उठली. मग ओरड का? म्हणजे भात मापात नव्हता."

वहीत दर वर्षी उठलेली केळीची पानं मोजून लिहिलेली होती. २०१८: ३८८. २०१९: ४१७. मधली दोन वर्षं महामारीत गेली. २०२२: ४०९. पुढची तीन वर्षं ४५०, ४५०, ४५०. सौम्याने सरासरी काढली, ४२७ आली. तेवढ्यावर रघुजींचं म्हणणंच खरं ठरत होतं.

तिने तो कागद तिच्या प्राध्यापक क्षमा मॅडमना दाखवला. मॅडमनी शेवटच्या तीन आकड्यांखाली रेघ ओढली. "माणसं इतकी शिस्तीत येतात? तिन्ही वर्षं एकसुद्धा कमी-जास्त नाही?"

घरी येऊन सौम्याने विचारलं, "अप्पा, पानं किती आणतात?"

"साडेचारशे. रघुजी तेवढीच सांगतो."

"संपल्यावर?"

"संपली तर संपली. मागून आलेल्यांच्या हातावर प्रसाद ठेवायचा. पाठवायचं परत."

"त्यांना कोण मोजतं?"

"न जेवलेल्यांना कोण मोजतो गं?"

सौम्या जागची उठली. ४५० हा जेवायला आलेल्यांचा आकडा नव्हताच. तो आणलेल्या पानांचा होता. आणि आमंत्रण चूलबंद असतं: त्या दिवशी घरची चूल पेटवायची नाही, अख्ख्या घराने देवळात जेवायचं. परत गेलेला माणूस थंड चुलीकडे जात होता आणि वहीत त्याची खूणही नव्हती.

देवाप्पांकडे स्वतःची एक खिशातली डायरी होती. पुढचा भात कधी चढवायचा हे कळावं म्हणून प्रत्येक पंगतीची वेळ आणि पानं ते तिच्यात टिपत. जेवण अकरा ते तीन. ज्या वर्षी पानं पुरली, त्या प्रत्येक वर्षी एक वाजेपर्यंत जवळपास पाऊण हिस्सा माणसं जेवून झाली होती. पुढे मात्र पानं आधी दीडला संपली, दुसऱ्या वर्षी सव्वाला, गेल्या वर्षी एकला. एक वाजता ४५० म्हणजे पाऊण हिस्सा. पूर्ण सहाशे. गर्दी दर वर्षी वाढते आहे, हे वेगळंच.

बैठकीत तिने आकडा सांगितला. "सहाशे चाळीस."

"सहाशे चाळीस!" रघुजींनी चष्मा काढला. "अगं, निम्मी घरं पार लांब महादेवपुऱ्याला राहायला गेली. माणसं आभाळातून पडणार?"

"तीच घरं दुपारी उशिरा पोचतात, अण्णा. तुम्हाला दिसतच नाहीत."

"आणि उरलं तर?"

"उरलं तर विद्यार्थी वसतिगृहात जाईल, तिथे विचारून ठेवलंय. कमी पडलं तर चूलबंद आमंत्रण देऊन आपण माणूस उपाशी पाठवतो. दोन्ही चुका सारख्या नाहीत. म्हणून सहाशेवर थांबले नाही."

रघुजींनी कागद घडी करून खिशात ठेवला. "सरी, चालेल. पण पानं मी मोजणार."

"मोजाच."

वर्धापनदिनी पंचेचाळीसऐवजी चौसष्ट किलो तांदूळ शिजला. एक वाजता ४७१ पानं उठली होती. रघुजी दाराशी पाटीखडू घेऊन बसले होते. दीडला महादेवपुऱ्याहून एक बस भरून माणसं आली, लेकरं आणि शेजारी धरून. गेल्या वर्षी प्रसाद घेऊन परत गेलेल्या एक आजीबाई आत शिरताना म्हणाल्या, "रघुजी, यंदा डबा घेऊन आलेय बघ. तुझा भरवसा नाही." भरला डबा तसाच पिशवीत ठेवून त्या पंगतीला बसल्या आणि पायसम दोनदा मागून घेतलं.

तीनला दार लागलं. ६२७.

रघुजींनी दोनदा मोजलं. पाटी खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात गेले. "देवाप्पा, भात आहे स्वल्प?"

"तेरा पानांचा आहे."

"मग वाढ. सौम्याक्का, तूही बस. मी वाढतो, नको, मला येत नाही. बसतो." सौम्याला 'अक्का' म्हणायची त्यांची ही पहिलीच वेळ. देवाप्पा हसले. आमटीचा, हुळीचा, पहिला डाव त्यांनी लेकीच्या भातावर घातला.

जेवून झाल्यावर रघुजींनी वही मागवली. पानांच्या आकड्याशेजारी पट्टी धरून एक उभी रेघ ओढली, नवा रकाना केला आणि वर लिहिलं, 'न जेवता परत गेले.' खाली, स्वतःच्या हाताने, शून्य.

"पुढल्या वर्षी किती गं?" त्यांनी विचारलं.

"आधी आचारी कोण ते लिहा, अण्णा," सौम्या म्हणाली.

त्यांनी लिहिलं, 'देवाप्पा.'