साडूचा पाऊस

निवृत्त विमा अधिकाऱ्याला लोकांचं सुख बघवत नाही असं नव्हतं; फक्त साडूचं बघवत नसे. साडू दातांचा डॉक्टर. त्याचं घर मोठं, केस शाबूत, आणि आता गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहून पाऊससुद्धा जास्त.

दोघेही हवामान केंद्राचे स्वयंसेवक. अंगणात पर्जन्यमापक ठेवायचा, सकाळी नळीतलं पाणी मोजायचं आणि आकडा फोनवरून पाठवायचा, एवढंच काम. मग केंद्राच्या नकाशावर प्रत्येकाच्या घरावर एक ठिपका उमटे; पाऊस जितका जास्त, तितका रंग गडद. अधिकाऱ्याचा फिकट निळा, साडूचा गडद. पाऊस काही कुणाच्या कर्तृत्वावर पडत नाही, असं बायकोनं समजावून पाहिलं. मग तुझ्या बहिणीचा नवरा रोज नातेवाइकांच्या ग्रुपवर नकाशा कशाला टाकतो, असं त्यानं विचारलं.

शेवटी त्यानं मापक उघड्या अंगणातून उचलला आणि गुपचूप पागोळ्यांखाली ठेवला. रात्रभर छपराचं पाणी थेट नरसाळ्यात पडलं. सकाळी ठिपका चक्क जांभळा झाला. त्या आनंदात अधिकारी दोनदा चहा प्यायला.

दुपारी केंद्रातल्या बाईंचा फोन आला. आकडा आसपासच्या कुणाशीच जुळत नव्हता. शेजारचे स्वयंसेवक म्हणून डॉक्टरच येऊन जागा पाहतील. त्यांना गडबड वाटली तर ठिपका कायमचा काढावा लागेल. मापक हलवायला अधिकारी धावला, तर साडू फाटकात हजर.

साडूनं वर पागोळ्या पाहिल्या, खाली मापक पाहिला, आणि पेशंटच्या तोंडात डोकावावं तसा नरसाळ्यात डोकावला.

"असू द्या, साडभाऊ," तो म्हणाला. "तुमच्या बाजूला ढग जरा जास्त होता, असं कळवतो. घरातली गोष्ट घरात राहू दे."

"किती मोठं मन," खिडकीतून बायको म्हणाली.

झालं. घर मोठं असलेलं त्यानं वर्षानुवर्षं सोसलं होतं. मनही मोठं म्हणजे अतीच झालं. साडू फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच त्यानं केंद्राला फोन लावला.

"मापक मीच मुद्दाम पागोळ्यांखाली ठेवला होता. खुशाल काढा माझा ठिपका. पण डॉक्टर आता तुम्हाला ढगाची काहीतरी थाप मारतील, लक्ष ठेवा."

बाई गोंधळल्या. मग त्या गल्लीत विश्वास ठेवायचा तरी कुणावर, असं त्यांनी विचारलं.

"माझ्यावर," अधिकारी म्हणाला. "मी निदान कबूल तरी केलंय."