फाटकापासून पाहिलेलं दुकान

बेकरीवाल्या बाईंनी मोजफितीचं एक टोक त्याच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन त्या मागच्या भिंतीपर्यंत गेल्या.

"भट्टी मावेल," त्या म्हणाल्या. "आधी कसलं दुकान होतं?"

"वह्या, पेनं, प्रबंधांचं बाइंडिंग. माझी बायको बघायची."

"मग बंद का केलं?"

काउंटर पुसणाऱ्या त्याच्या मुलीचा हात थांबला. तिच्या आईला जाऊन चार महिने झाले होते. याआधी दोघं जण जागा बघून गेले, ते पुन्हा फिरकले नव्हते. मालकीण गेली म्हणून बंद आहे असं सांगत बसू नका, लोक कचरतात, असं दलालाने त्याला बजावलं होतं.

"जागेत काही खोट नाही," तो म्हणाला. "समोर विद्यापीठ, दिवसभर पोरांचा राबता. तिलाच जमलं नाही. गिऱ्हाइकाशी बोलायला तोंड लागतं. ती आपली मुखदुर्बळ."

हे त्याला जुळवावं लागलं नाही. अकरा वर्षं तो हेच तिला जेवताना ऐकवत आला होता. मुलीने फडकं झटकलं, जरा जोरातच.

"फाटकापर्यंत येता का, काका?" बाई म्हणाल्या. "मी दुकान आतून कमी बघते, बाहेरून जास्त."

तिघं रस्ता ओलांडून विद्यापीठाच्या फाटकापाशी गेली. तास नुकताच सुटला होता. पोरं त्यांना धक्के देत दोन्ही बाजूंनी जात होती.

"हं, आता दाखवा दुकान."

त्याने हात वर केला आणि तो तसाच राहिला. इमारत दिसत होती, कमानी दिसत होत्या, शेजारच्या न्हाव्याची खुर्चीसुद्धा दिसत होती. दुकान नव्हतं. कोपऱ्यावरच्या दगडी खांबाने दार, पाटी, सगळंच झाकलं होतं. तो दोन पावलं डावीकडे सरकला, मग उजवीकडे. वरच्या मजल्यावरच त्याचं घर. दुकानात यायचा तो मागच्या जिन्याने. इथे उभं राहून त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"खांबाला हात लावता येत नाही," तो पुटपुटला. "इमारत जुन्या वास्तूंच्या यादीत आहे. खिळा मारायचा तरी परवानगी लागते."

"किती वर्षं चालवलं त्यांनी?"

"अकरा."

"इथे? अहो, मला अकरा महिने जड गेले असते. गिऱ्हाईक आणायच्या कुठून?"

त्याने मुलीकडे पाहिलं.

"दुपारी वसतिगृहात जायची आई," मुलगी म्हणाली. "खोल्याखोल्यांतून. प्रबंध उचलून आणायची, बांधून परत पोचवायची. दोन्ही खांद्यांवर पिशव्या."

"मला नाही बोलली कधी."

"तुमची झोपेची वेळ असायची ती, बाबा."

बाई हसल्या. "आणि म्हणे मुखदुर्बळ! मला भेटायचंय त्यांना. घरी आहेत ना?"

मुलगी वडिलांकडे बघत राहिली. या वेळी ती मदतीला येणार नव्हती.

"दुकान बंद पडलेलं नाही," तो म्हणाला. पुढचं तोंडातून निघेना. "चालूच होतं. ती गेली म्हणून बंद आहे."